पहाटे पाचला उठून करू काय?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत थोड्या थोड्या दिवसांनी वेळेच्या नियोजनावर एक लेख असतोच आणि मी तो दर वेळी वाचते, कारण छापलेलं काहीही समोर आलं की वाचायची आम्हा डीटीपीवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावून छपाईची फाईल करणाऱ्यांना, खोडच असते. (चुका पण दिसतात, पण ते असू दे.) पहाटे पाचला उठा, रात्रीच दुसऱ्या दिवसाची यादी करा, अवघड काम आधी संपवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खोटं काही नाही त्यात. पण वाचताना सारखं वाटत राहतं की हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक तारखेला पगार जमा होणारा माणूस आहे, ज्याचं काम ठरलेलं, टेबल ठरलेलं, आणि ज्याच्या वेळेला निदान ऑफिसात तरी कोणीतरी किंमत देतं. एकट्याने धंदा करणाऱ्याचं काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण उधारीचा भाग तेवढा ठेवा.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरातूनच डीटीपी आणि डिझाईनची कामं करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्गणीची पावती पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स (ते फ्लेक्स कायदेशीर का बेकायदेशीर हा वेगळ्या पत्राचा विषय आहे), आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फिरवायच्या पोस्ट. छपाई प्रेसवर होते, मी फक्त फाईल करून देते. हाताखाली कोणी नाही. माणूस ठेवावा एवढं काम सीझनला असतं, पण सीझन संपला की त्याला बसवून पगार कुठून द्यायचा, त्यामुळे मालक मी, कारकून मी आणि वसुलीला जाणारी पण मीच.

त्या लेखांत टोमॅटोवाली पद्धत हमखास असते. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकात कॉलेजात शिकताना काढलेली, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून २५ मिनिटं एकच काम करायचं, मग ५ मिनिटं थांबायचं, असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. मी करून बघितली आणि एखादा मोठा अहवाल लावायला बसले की अजूनही करते, चांगली आहे. पण मुळात ती अभ्यासासाठी काढलेली पद्धत आहे, आणि अभ्यास करणाऱ्या पोराला कोणी फोन करून "ताई, आमच्या थोरल्या आत्याचं नाव धाकटीच्या खाली कसं काय गेलं?" असं विचारत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणतात, अहो तो मोबाईलच माझं दुकान आहे. ऑर्डर त्यावर, मजकूर त्यावर, प्रूफ त्यावर, पैसे आले तर तेही त्यावरच. फोन उचलला नाही तर पार्टी चहा संपायच्या आत दुसरीकडे जाते, कोल्हापुरात डीटीपीवाल्यांना आणि फ्लेक्सवाल्यांना काय तोटा नाही.

आता घराचं सांगते. घरून काम करणाऱ्या बाईची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती घरात असते. "घरातच हाईस न्हवं, तेवढं आमचं सिलेंडर घेऊन ठेव." "कुरिअरवाला येईल, सही करून घे की." "पोरगं शाळेतनं यायलंय, अर्धा तास बसू दे तुझ्यापाशी." ही सगळी माणसं चांगली आहेत, अडीनडीला माझ्यासाठी धावून येणारी आहेत, त्यामुळे नाही म्हणवत नाही, आणि प्रत्येकाचं काम खरंच दोन मिनिटांचंच असतं. पण सिलेंडरवाला येऊन गेला की परत स्क्रीनपुढे बसून 'आपण कुठे होतो' ते शोधण्यात जो वेळ जातो तो कोणाच्या हिशोबात धरायचा? ताळेबंदाचा तक्ता लावताना मधेच उठलं की एखादी ओळ दोनदा येते नाहीतर गळते, आणि मग बेरीज जुळत नाही म्हणून सगळा तक्ता वरपासून परत वाचायला लागतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एका पोराने छोटासा गाळा घेतलाय, काम माझंच करतो, माझ्याइतकंच करतो. दुपारी तो खुर्चीत मान टाकून झोपलेला असतो, कधी मोबाईलवर मॅच बघत असतो, आणि तरी त्याला कोणी सिलेंडर उतरवून घ्यायला सांगत नाही, का तर तो 'दुकानात' असतो. मी नऊवारीचा काठ स्कॅन करून त्याची बॉर्डर बनवत बसलेली असले तरी मी 'घरात' असते. पाहुणे तर काय विचारूच नका, अंबाबाईच्या दर्शनाला आलेला सगळा गोतावळा आमच्याकडे टेकायला येतो कारण देऊळ जवळ आणि मी घरात. आले की तांबडा-पांढरा केल्याशिवाय जाऊ देता येत नाही, आणि मटण शिजतंय तोवर मी मागच्या खोलीत जाऊन करेक्शन टाकते, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत.

पण हे घरातलं झालं, ते थोडंफार सांभाळता येतं. दिवसाचा खरा विचका करतात करेक्शन्स. ज्यांनी पत्रिका छापून घेतली असेल त्यांना वाटतं की चार ओळींचं काम आहे. तर ऐका. मजकूर येतो तो वहीच्या पानावर लिहून त्याचा तिरका फोटो काढून, अर्ध्या पानावर बोटाची सावली. उरलेली नावं व्हॉईस मेसेजवर, मागे टीव्ही चालू. वरती कुलदैवत कोणाचं आधी, जोतिबा का अंबाबाई, इथपासून सुरुवात. मग चि. आणि चि. सौ. कां., मग निमंत्रक, मग व्यवस्थापक, मग आपले विनीत, मग प्रेषक, आणि खाली किलबिल, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं, ज्यातली दोन आता इंजिनिअरिंगला आहेत. ही सगळी नावं मानाने लावायची असतात आणि मान कोणाचा किती हे त्या घराबाहेरच्या माणसाला कळणं शक्य नाही. मी प्रूफ पाठवते. ते प्रूफ घरच्या ग्रुपवर जातं. आणि ग्रुपवर गेलं की संपलंच, कारण आता करेक्शन एका माणसाकडून येत नाही, मामाकडून वेगळं येतं, जावयाकडून वेगळं येतं, एक म्हणतो आजोबांच्या नावापुढे कै. लावा, दुसरा म्हणतो स्व. लावा, आणि रात्री नवरदेवाचा फोन येतो की रंग जरा उठावदार पाहिजे.

दोन कॉलमात नावं बसवलेली असतात. मधे एक नाव वाढलं की खालची सगळी सरकतात, कॉलम फुटतो, व्यवस्थापक मंडळींचं शेवटचं नाव किलबिलमध्ये जाऊन पडतं. मग अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक करा, ओळींमधलं अंतर कमी करा, परत सगळी नावं मोजा. पार्टीला ते "एकच नाव वाढवायचं हाय ताई, दोन मिंटाचं काम" वाटतं. 'फायनल' म्हणून लेखी कळवल्यावर फाईल प्रेसला जाते, तिथे प्लेट निघते, आणि प्लेट निघाल्यानंतर जो फोन येतो त्याची मला आता रिंगवरूनच शंका येते. नवीन प्लेटचे पैसे कोणी द्यायचे? पार्टी म्हणते चूक तुमची, तुम्ही विचारायला पाहिजे होतं की अजून कोण राहिलंय का. हे मी खरंच ऐकलेलं वाक्य आहे.

यात मी दिवसाची यादी कशी करू? यादी माझी, पण दिवस दुसऱ्याचा. पहाटे पाचला उठले तरी पार्टी दहाच्या आत प्रूफ बघत नाही, आणि करेक्शन येतात ती रात्री जेवणं झाल्यावर, सगळं घर एकत्र बसलं की. म्हणजे माझं खरं काम रात्री दहानंतर सुरू होतं आणि शहाणी माणसं सांगतात लवकर निजा.

आणि एक गोष्ट नोकरीवाल्यांना चटकन कळत नाही, ती म्हणजे आमच्याकडे काम सारखं पसरून येत नाही. ते आमच्या आळसामुळे नव्हे, त्याला कारणं आहेत. आपल्या जिल्ह्यात गावागावांत दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था. सहकार कायद्याने त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायला लागते. ऑडिट होऊन कागद हातात येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, सभेची नोटीस सभासदांना आधी पोचायला पाहिजे, त्यामुळे सगळ्या संस्थांचे सगळे अहवाल त्याच थोड्या दिवसांत छापायचे असतात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, अंदाजपत्रक, संचालकांचे फोटो, श्रद्धांजलीचं पान. जुना अहवाल श्रीलिपी या जुन्या फॉन्ट पद्धतीत केलेला असतो, नवीन मजकूर मोबाईलवर युनिकोड या नवीन पद्धतीत टाइप होऊन येतो, कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात, रफार उडून दुसऱ्याच अक्षरावर बसतात, ती एकेक शोधायची. नेमकं तेव्हाच गणपती. मंडळांची पावती पुस्तकं, देणगीदारांचे बॅनर, स्टेजच्या मागचा फ्लेक्स. मंडळाची पोरं रात्री अकराला येऊन सोफ्यावर बसतात आणि फाईल घेऊनच उठतात, अध्यक्षांचा फोटो उपाध्यक्षांपेक्षा केवढा मोठा यावर चर्चा करत.

तेवढ्यात पाऊस. जुलै-ऑगस्टात सगळ्या शहराच्या मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी फिरत असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि एकदा ती चाळिशीकडे गेली की कामात कोणाचं लक्ष असतं सांगा. २०१९ च्या ऑगस्टात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आलं, महामार्ग शिरोलीला बंद पडला, २०२१ च्या जुलैत परत तेच. मी जिथे कामं देते त्या प्रेसमध्ये कागदाचे गठ्ठे भिजून फुगले. नोकरदारांना त्या दिवसांत ऑफिसला पोचता आलं नाही तरी बहुतेकांचा पगार आला. आम्हाला रजा नाही, फक्त काम नाही. पुढे पितृपक्षात कोणी नवीन काही छापायला टाकत नाही, आणि लग्नाच्या पत्रिका तुळशीचं लग्न लागेपर्यंत गारच. मग एकदम मुहूर्त निघतात आणि सगळ्यांना एकाच तारखेची पत्रिका पाहिजे असते.

सीझन संपल्यावर थोडे दिवस माझ्याकडून काहीच होत नाही. बसते, कॉम्प्युटर चालू करते, फॉन्टची फोल्डरं आवरते, रंकाळ्यावर एक चक्कर मारून येते. यालाही लेखांत चालढकल म्हणतात. मी नाही म्हणत. इतके दिवस मान मोडून काम केल्यावर शरीर मागतं ते, आणि नोकरीत त्याला अर्जित रजा असं चांगलं भारदस्त नाव आहे.

आता उधारी. माझ्या दिवसातला मोठा वेळ फाईल करण्यात जात नाही, पैसे मागण्यात जातो, आणि हे काम कुठल्याच लेखाच्या यादीत नसतं. लग्नवाल्यांकडून मी निम्मे पैसे आधी घेते, ते देतात, शुभकार्यात उधारी ठेवत नाहीत लोक. मंडळांचं विसर्जनानंतर वर्गणी किती उरली त्यावर. पण संस्था आणि व्यापारी! "सभा होऊ दे." सभा होते. "चेअरमनची सही राहिलीय." चेअरमन गावाला. "आता दिवाळीनंतर या." दिवाळीनंतर "मार्चएंडला बघू." बिलाची झेरॉक्स परत मागतात, पहिली सापडत नाही म्हणून. एका बिलासाठी स्कूटरवरून जितक्या वेळा जाते तेवढ्या वेळात दुसरा अहवाल लावून झाला असता, पेट्रोल वेगळंच.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यात स्पष्ट आहे की लेखी ठरलेलं असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कितीही ठरवलं तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही, आणि लेखी काही नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती १ जुलै २०२० पासून ऑनलाईन आहे, एक पैसा लागत नाही, आधार आणि पॅन असलं की होते (एजंट पैसे मागतात, देऊ नका). वरून २०२३ च्या बजेटमध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती झाली की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. मला वाटलं आता तरी सुधारतील. एका व्यापाऱ्याला त्याच्या टॅक्सवाल्याने हे समजावून सांगितलं, तर त्याने मला विचारलं, "तुमचं उद्यम हाय काय? मग पुढचं काम बिगर उद्यमवाल्याकडनं घेतो." तक्रार करायला ऑनलाईन पोर्टल आहे, पुढे निवाडा करणारं कौन्सिल आहे, सगळं आहे. पण तक्रार केली की ते गिऱ्हाईक गेलं, आणि त्याच्या ओळखीतली पण गेली. हे गाव एवढं मोठं नाही.

मग मागणं काय, तर फार काही नाही. पत्रिका छापणाऱ्यांनी आधी घरात बसून भांडून घ्यावं आणि सगळी करेक्शन एकाच माणसाने एकदाच पाठवावीत. संस्थांनी अहवालाचा मजकूर, निदान ज्या पानांना ऑडिटची गरज नाही ती, जूनमध्येच द्यायला सुरुवात करावी, श्रद्धांजलीच्या पानाला आणि मनोगताला ऑगस्टपर्यंत कशाला थांबायचं? आणि सभेत चहा-नाश्त्याचं बिल जसं जागेवर भागवता तसं अहवालाचं पण भागवा.

आणखी एक, बसायला जागा. करवीर नगर वाचन मंदिर या शहरात १८५० पासून आहे, म्हणजे वाचायला शांत जागा पाहिजे हे आपल्या लोकांना तेव्हापासून कळतं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका झाल्या, चांगलं झालं, पण तिथे आमच्यासारख्यांना बसता येत नाही कारण तिथे फोनवर बोलायचं नाही आणि फोनशिवाय माझा धंदा नाही. माझ्या डोक्यात आहे ते असं की पेठापेठांत तालमींच्या, म्हणजे कुस्तीबरोबर फुटबॉल आणि गणपती सांभाळणाऱ्या मंडळांच्या, इमारती आहेत, त्यांचे वरचे हॉल बहुतेक ठिकाणी दिवसा रिकामे असतात, फुटबॉलचा सीझन आणि गणपती सोडले तर. तिथे टेबलं, चार-सहा प्लग, इंटरनेट आणि इन्व्हर्टर एवढं टाकून सकाळी दहा ते सहा घरून काम करणाऱ्यांना महिन्याच्या फीवर बसू द्यावं. टॅक्सचं काम करणारे, भाषांतर करणारे, व्हिडिओ एडिटिंगवाली पोरं, शिकवण्या घेणाऱ्या बायका, गल्लोगल्ली आहेत अशी माणसं. तालमीला पैसे मिळतील आणि आम्ही 'घरात' नसू. बायका तालमीत बसायला लागल्या की पेठेत थोडे दिवस चर्चा होईल, होऊ दे. कुठल्या तालमीच्या कार्यकर्त्यांनी हे वाचलं आणि मनावर घेतलं तर त्यांचं पुढच्या गणपतीचं पावती पुस्तक मी मजुरी न घेता लावून देते.

आणि आपल्या पुरवणीत लिहिणाऱ्या तज्ज्ञांना एक विनंती. पहाटे उठण्यावर भरपूर झालं. आता एकदा संबंध न बिघडवता उधारी कशी मागायची यावर लिहा. तेवढा लेख कापून भिंतीवर लावीन.

आपली नम्र,
एक डीटीपीवाली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. – पत्र युनिकोडमध्ये आहे. आपल्याकडे श्रीलिपीत लागत असेल तर कळवा, कन्व्हर्ट करून, रफार तपासून पाठवते. फक्त रात्री नऊच्या आत कळवा, नंतर एका पत्रिकेची करेक्शन्स येणार आहेत.